‘यात घडतं काय?’ : विदर्भातल्या गावावर हलकीफुलकी मालिका लिहिताना

भाऊ, तुमचं म्हणणं मला समजलं ते असं. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या तुमच्या गावावर आठ भागांची वेबमालिका लिहायची आहे. खून नाही, सासू-सुनेचं भांडण नाही, फक्त गावातली माणसं आणि त्यांच्या रोजच्या भानगडी. दोन निर्मात्यांना ऐकवली. एकानं विचारलं, "यात घडतं काय?" दुसरा म्हणाला, "यवतमाळ म्हटलं की लोकांना शेतकऱ्यांच्या आत्महत्या आठवतात, तिथं विनोद कसा चालणार?" शिवाय पूर्ण वऱ्हाडी ठेवायची का, आणि गावाची टिंगल न होता चमत्कारिक पात्रं कशी रंगवायची, हेही तुम्ही विचारलंय. पात्रांची यादीही दिलीय: रोज एसटीला हात दाखवून थांबवणारे पण गाडीत न बसणारे आजोबा, हरल्यावरही स्वतःला सरपंच म्हणवणारा माजी सरपंच, बैल विकून ट्रॅक्टर घेतलेला पाटील, आणि लग्नात ड्रोन उडवणारा पोट्टा.

मी सुरुवातीला झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांसाठी विनोदी प्रवेश लिहायचो, मग मालिकांचे संवाद, आता बहुतेक काम वेबसाठी. माझी मतं त्या कामातून आलेली आहेत. मुंबईत बसून लिहिणारा कदाचित वेगळं सांगेल.

प्रश्न चार दिसतात, पण खरी अडचण मला एकच दिसते. तुमच्याकडे गमतीदार माणसं आहेत, पण ती एकमेकांत अडकलेली नाहीत. आजोबा रस्त्यावर, माजी सरपंच पारावर, पोट्टा ड्रोनसोबत. प्रत्येक जण आपली गंमत करतो आणि निघून जातो. निर्माता "घडतं काय" असं विचारतो तेव्हा त्याला खून हवा असतो असं नाही. कोणाचं कोणावाचून अडलंय, हे त्याला दिसत नाही म्हणून तो तसं विचारतो.

शहरात माणूस भांडला तर दुसऱ्या दिवशी तोंड फिरवून लिफ्टमध्ये शिरतो. गावात ती सोय नाही. ज्याच्याशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, वाद, त्याच्याच शेतातून आपली पाइपलाइन. ज्या बाईला काल बोलून बसलो, तीच उद्या आपल्या घरच्या मयतीत सगळ्यांत आधी येऊन चूल पेटवणार. म्हणून गावातलं भांडण तुटेपर्यंत ताणता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही. ते नियमानं, मान राखून, टोमण्यांत, तिसऱ्याच्या तोंडून चालवावं लागतं. या प्रकारच्या मालिकांचा सगळा विनोद तिथून येतो. ‘पंचायत’ या हिंदी वेबमालिकेच्या पहिल्या मोसमातली चाकांची खुर्ची आठवा. सचिवजी, म्हणजे पंचायतीचा शहरातून आलेला सचिव, ऑफिससाठी फिरती खुर्ची आणतो आणि गावात लग्नाला आलेल्या नवरदेवाच्या ती डोळ्यांत भरते. गोष्ट एवढीच. पण खुर्चीवर कोण बसणार हा मानाचा प्रश्न झाला, आणि मानाचा प्रश्न झाला की अख्खं गाव त्यात ओढलं जातं. हाच प्रसंग पुण्यातल्या कंपनीत घडला असता तर कोणीतरी दुसरी खुर्ची मागवली असती आणि विषय संपला असता.

आता तुमचे आजोबा घेऊ. तुमच्या यादीतलं हे सगळ्यांत चांगलं पात्र आहे आणि सगळ्यांत वाया गेलेलंही. तुम्ही त्यांना ‘थोडे सटकलेले’ असं लिहिलंय. तो शब्द आधी खोडा. माणूस स्वतःच्या नजरेत कधीच सटकलेला नसतो, त्याच्याकडे कारण असतं. आजोबा गाडी का थांबवतात? मी असं लिहीन: फाट्यावर कोणी चढत-उतरत नाही असं डेपोला वाटलं तर दुपारची फेरी बंद होईल, अशी त्यांना धास्ती आहे. शेजारच्या गावाची तशी बंद झालेली त्यांनी पाहिलीय. नात दारव्ह्याला कॉलेजात जाते, तीच गाडी तिला परत आणते. म्हणून आजोबा रोज उन्हात उभे राहून गाडी थांबवतात.

इथपर्यंत ते विक्षिप्त नाहीत, गावातले सगळ्यांत दूरदृष्टीचे गृहस्थ आहेत. आता कंडक्टरला आणा. त्याचंही बरोबर असलं पाहिजे, नाहीतर प्रवेश मरतो. त्याचं म्हणणं, हात दाखवून काय उपयोग, डेपोत उत्पन्न विचारतात, तिकीट फाडा. आजोबा पुढच्या थांब्यापर्यंतचं तिकीट मागतात. पण आजोबा पंच्याहत्तरीच्या वरचे. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत आहे.

"आजोबा, तुमचं तिकीट त शून्याचं. मशीनमधून निघते, पन त्याचे पैसे कुठं येतेत?"

"सरकार भरून देते नं बापा. पेपरात आलं व्हतं."

"देते तवा देते. आज मले हिशेब द्या लागते नं."

"मंग माह्या म्हातारीचं फाड. ते सत्तरची हाये. अर्धं तिकीट, रोख."

आणि दुसऱ्या दिवसापासून म्हातारीला फाट्यावर यावं लागतं. ती का म्हणून येईल? तिच्या अटी असणार. पुढच्या थांब्यावर तिच्या बहिणीचं घर आहे आणि आजोबांचं तिथं गेली कित्येक वर्षं जाणं-येणं नाही. गाडी वाचवायची असेल तर साडूच्या दारात उतरावं लागेल. झाला ना एक भाग? कोणी मेलं नाही, कोणी कोणावर ओरडलंही नाही. एक सवय घेतली, तिला कारण दिलं, त्या कारणाच्या आड दुसऱ्याचं तितकंच रास्त कारण आणलं, आणि सुटका असेल ती वाट जुन्या रागातून नेली. माझी बांधणी बहुतेक वेळा एवढीच असते.

झाडीपट्टीत काम केल्यानं एक गोष्ट फार लवकर कळते. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्या नाटकांचं ठाणं. दिवाळीनंतर हंगाम सुरू होतो, गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असतो आणि रात्री नाटक, ते पहाटेपर्यंत चालतं. लेकीबाळी माहेरी आलेल्या असतात, सोयरे आलेले असतात, नाटकाच्या निमित्तानं स्थळं पाहिली जातात. गावातला पाटील, मास्तर, दारू गाळणारा, सगळे समोर बसलेले. अशा वेळी रंगमंचावर पाटलाची टर उडवली आणि समोरचा पाटील हसला नाही, तर गडबड तुमच्या लेखनात आहे. आपण लिहिलेला पाटील त्याला ओळखू आला तर तो स्वतःच सगळ्यांत मोठ्यानं हसतो आणि शेजाऱ्याला ढोसतो. ज्या कलेनं २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळवून दिली, तिच्यातला विनोदी नट गावाच्या बाहेर उभा राहून गावाकडे बोट दाखवत नाही. तो त्याच गर्दीतून उठून वर गेलेला असतो.

त्याच प्रेक्षकांमुळे एक सावधगिरी मला लागली ती सांगून टाकतो. पिऊन आलेलं पात्र हा सगळ्यांत सोपा हशा आहे. पुरुष हमखास हसतात. पण पुढच्या रांगांतल्या बायकांकडे पाहा. त्या हसत नाहीत, पदर सावरतात आणि दुसरीकडे बघतात. वर्धा १९७४ पासून दारूबंदीत, गडचिरोली १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ बंदी होती, आणि गडचिरोली-चंद्रपूरच्या बंदीमागे बायांची मोठी चळवळ होती. तुमच्या मालिकेत बेवडा ठेवायचा तर ठेवा, पण त्याच्या घरची बाई त्या प्रसंगात असू द्या. तिला काही सुचू द्या. मग बघा हशा कुठे सरकतो.

चमत्कारिक पात्रांबद्दल एवढं पुरे. ‘टिंगल होईल का’ ही भीती कारण दिलं की बऱ्यापैकी निघून जाते.

बाहेरचा माणूस आणावा का, हे तुम्ही विचारलं नाही, पण तुमच्या पहिल्या भागात पुण्याहून आलेला इंजिनियर आहे, म्हणून बोलतो. ही युक्ती जगभर चालली आहे. ब्रिटिश ‘डॉक मार्टिन’मध्ये (२००४ ते २०२२) लंडनचा शल्यविशारद रक्ताची भीती बसल्यामुळे कॉर्नवॉलच्या समुद्रकाठच्या गावात येतो. ‘बॅलिकिसएंजल’मध्ये इंग्लंडचा पाद्री आयर्लंडच्या खेड्यात येतो. अमेरिकेच्या ‘नॉर्दर्न एक्स्पोजर’मध्ये (१९९० ते १९९५) न्यू यॉर्कचा तरुण डॉक्टर अलास्कात अडकतो, कारण त्याच्या शिक्षणाचा खर्च तिथल्या सरकारनं केलेला असतो आणि करार मोडता येत नाही. ‘पंचायत’चा सचिवजी, अभिषेक त्रिपाठी, त्याच रांगेतला. बाहेरच्याचा फायदा असा की त्याला जे माहीत नाही ते विचारता येतं, आणि प्रेक्षकाला फुकटात माहिती मिळते. नीट पाहिलं तर या चौघांनाही निघून जाता येत नाही. कोणाला नोकरी, कोणाला करार. म्हणजे पुन्हा तीच सुटका नसण्याची गोष्ट. तुमचा इंजिनियर मात्र सुट्टीवर आलाय. त्याला कंटाळा आला की तो शिवशाही पकडून जाईल. त्याला गावात काय बांधून ठेवील?

बाहेरच्याशिवायही काम होतं, हेही ध्यानात ठेवा. ‘लास्ट ऑफ द समर वाइन’ बीबीसीवर १९७३ पासून २०१० पर्यंत चालली, आणि तिचा प्रत्येक भाग एकट्या रॉय क्लार्कनं लिहिला. यॉर्कशायरच्या एका गावातले तीन म्हातारे भटकतात, पोरांसारखे उद्योग करतात, एवढंच. कोणी पाहुणा येऊन त्यांच्याकडे आश्चर्यानं बघत नाही.

आपल्याकडे मला एक वेगळी जागा रिकामी दिसते. बाहेरचा पुण्यामुंबईचाच कशाला, विदर्भातल्या विदर्भातला घ्या. भंडाऱ्याचा ग्रामसेवक बदली होऊन दारव्ह्याला आला असं धरा. तो धानाच्या, तलावांच्या मुलखातला. त्याला दोन वेळा भात हवा, आणि पावसाळ्यात मासोळी. इकडे कापूस, तूर, सोयाबीन, ताटात ज्वारीची भाकर. तो ‘काळा’ला ‘कारा’ म्हणतो, गावकरी ‘काया’ म्हणतात, आणि दोघंही समोरच्याला अडाणी समजतात. तो प्रत्येक वाक्याला ‘गा’ लावतो, हे ‘बे’ आणि ‘वं’ लावतात. मुंबईच्या प्रेक्षकाला वाटतं विदर्भ म्हणजे एकच भाषा, एकच ऊन, एकच नागपूर. त्याला हे नवं असेल, आणि विदर्भातल्या माणसाला वाटेल, चला, कोणीतरी आपलं घर आतून पाहिलं.

भाषेचं उत्तर यातच अर्धं आलं. वाहिनीची माणसं सांगतात, बोली ‘हलकी’ करा, पुण्यात समजली पाहिजे. त्यांचा धंदा आहे, त्यांचं चूक नाही. पण हलकी करणं म्हणजे प्रमाण मराठी वाक्य घेऊन त्यावर दोन ‘काऊन’ आणि एक ‘बावा’ शिंपडणं नव्हे. ते विदर्भातला माणूस पहिल्या मिनिटाला ओळखतो आणि चॅनेल बदलतो. मी उलट करतो. अनोळखी शब्द कमी ठेवतो, पण वाक्याची चाल पूर्ण तिथली ठेवतो. ‘जाऊन राह्यलो’, ‘येजो उद्या’, ‘मले सांग नं’ हे कोणालाही समजतं. अडतो तो सुटा शब्द, तोही प्रसंगात वस्तू दिसत असली तर अडत नाही. बाई हातात कोथिंबिरीची जुडी धरून "सांबार निवडून दे" म्हणाली, तर पुणेकराला तळटीप लागत नाही. आणि सगळ्यांना सारखं बोलायला लावू नका. बँकेतून निवृत्त झालेला काका प्रमाण बोलायचा प्रयत्न करतो आणि रागावला की घसरतो. आशाताई डॉक्टरसमोर एक बोलते, बाळंतिणीच्या घरी दुसरं. गडीमाणूस मालकापुढे गप्प असतो आणि बैलाशी बोलताना त्याला वाचा फुटते. हे कानानं टिपलं की संवाद आपोआप गमतीदार होतो, विनोद म्हणून वेगळा घालावा लागत नाही.

संवादात आणखी एक: मुद्द्याचा शब्द कोणी उच्चारू नये. एक प्रसंग देतो, हवा तर वापरा.

दिवाळीनंतरची सकाळ. शेतात कापूस फुटलाय, आभाळ धरलंय, आणि वेचणीच्या बाया सगळ्या गावाला एकाच वेळी हव्या आहेत. वीस एकरांचा मालक आदल्या रात्री मजुरिणीच्या दारात जाऊन "या वं बाई उद्या" म्हणून आलाय. ज्या घरी त्याच्या बापानं कधी पाय ठेवला नसता, त्या घरी तो पाटावर बसून चहा पिऊन आलाय, ही एक गंमत. पुढची अशी की मजुरी किलोवर असते. पहाटे दवानं भिजलेला कापूस वजनाला जड भरतो. म्हणून बायांना लवकर हात घालायचाय आणि मालकाला ऊन वर यायला हवंय. तो थर्मास घेऊन धुऱ्यावर उभा.

"च्या घ्या वं बाई. उन्हं त येऊ द्या जराशे."

"च्या मंग पेऊ भाऊ. पह्यले दोन तास काढू."

"थंडी हाये. पोरं-सोरं आजारी पडतीन."

"पोरं शाळेत गेले. आमी त कामालेच आलो."

"दव हाये अजून…"

"दव त देवानं देल्लं भाऊ. आमी काय घरून आनलं?"

‘वजन’ हा शब्द कोणीच काढत नाही. काढला तर भांडण होईल, आणि भांडण दोघांनाही परवडत नाही. उद्या ही टोळी दुसऱ्याच्या वावरात जाईल, आणि टोळीच्या म्होरकीला मालकाच्या बायकोकडून पोरीच्या फीसाठी पैसे हवे आहेत. शेवटी दोन कप चहा होतो, म्हणजे अर्धं ऊन आणि अर्धं दव. संध्याकाळी काट्याला पोतं लटकवलं की दोघांच्या नजरा आकड्यावर. या प्रसंगाला पार्श्वसंगीत नको, कोणाचा चेहरा जवळून दाखवायला नको. पोतं, काटा आणि उभी माणसं एका चौकटीत पुरे.

आता दुसऱ्या निर्मात्याची शंका. ती खोटी नाही, तिला टाळून पुढे जाता येणार नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या गावावर लिहिताना आत्महत्या झालेलं एकही घर दाखवलं नाही, तर गावचाच माणूस म्हणेल की हे आमचं गाव नव्हे. पण त्यावरून विनोद होत नाही हा निष्कर्ष मला पटत नाही. ज्या घरात माणूस गेला, त्या घरातही पुढच्या जूनमध्ये बियाणं आणावं लागतं, पोळ्याला पुरण शिजतं आणि पोरं भांडतात. ‘पंचायत’नं दुसऱ्या मोसमाच्या शेवटी प्रल्हादच्या फौजी पोराचा मृत्यू आणला. तोवर प्रल्हाद हा हसवणारा माणूस होता. तिसऱ्या मोसमात तो रिकाम्या घरी जायला घाबरतो, आणि तरीही मालिका हलकी राहते, कारण गाव त्याला एकटं सोडत नाही. सोडता येतच नाही. ज्या अडकलेपणातून विनोद येतो, त्यातूनच आधारही येतो, हे त्यांनी नेमकं ओळखलं.

तुमच्याकडे कसं करता येईल? मी मृत्यू कथेत घडवणार नाही, आधीच घडून गेलेला ठेवीन. आत्महत्या हा भागाच्या शेवटचा धक्का म्हणून वापरू नका, ते हिशेबी वाटतं आणि दुखवतं. विधवेला पांढऱ्या साडीत कोपऱ्यात बसवू नका. ती गावात सगळ्यांत चोख हिशेब ठेवणारी असू द्या, कापसाच्या जिनिंगवर भाव करताना व्यापाऱ्यालाही पाणी पाजणारी. आणि कागदपत्रांचा धागा घ्या. शासनाची एक लाखाची मदत मिळायची तर प्रकरण समितीपुढे ‘पात्र’ ठरावं लागतं. कर्ज कोणाच्या नावावर, सातबारा कोणाच्या नावावर, यावर ते अडतं. पात्र ठरलं तरी ३० हजार हाती येतात आणि ७० हजार ठेवीत जातात. एक कोरडा, नियमावर बोट ठेवणारा, गावाला न आवडणारा तलाठी त्या बाईच्या फाइलसाठी चार वेळा तहसीलला जातो आणि कोणाला सांगत नाही. गाव समजतं, हा कामचुकार रोज तहसीलला चकरा मारतो, म्हणून त्याच्याविरुद्ध अर्ज करतं. अर्जावर पहिली सही त्या बाईचीच. हसू येतं आणि घशाशी अडकतं. मृत्यूवर विनोद झालेला नाही, गावाच्या घाईवर झालाय.

हे प्रत्येकाला जमेलच असं नाही, आणि तुमच्या घरात किंवा शेजारी असं घडलं असेल तर पहिल्या मोसमात हा धागा न घेणंही ठीक आहे. तो निर्णय तुमचा. मी बाहेरून सांगू शकत नाही.

माजी सरपंचाबद्दल थोडं. त्याला पारावर बसवून डायलॉग मारायला लावू नका, ग्रामसभेत आणा. १९९४ साली इंग्लंडच्या चर्चनं बायकांना धर्मगुरूपद देणं सुरू केलं आणि त्याच वर्षी बीबीसीवर ‘द व्हिकार ऑफ डिब्ली’ आली. खेड्यातल्या लोकांना पाद्री म्हणून बाई मिळते. तिच्यातला बराच विनोद गावच्या समितीच्या बैठकीतला आहे: टेबल, इतिवृत्त आणि सात-आठ माणसं. कायदा बदलला की गावात काय काय हलतं, हे त्यांनी वेळेवर धरलं. आपल्याकडे पंचायतीत ५० टक्के महिला आरक्षण २०११ पासून आहे. सरपंच थेट जनतेतून निवडायची पद्धत २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये परत आली. तुमचा माजी सरपंच "मी सदस्यांतून निवडून आलेला, तो खरा सरपंच" असं म्हणत बसला असेल, तर त्याच्याकडे केवढं मोठं तत्त्वज्ञान आहे बघा. आणि गणपूर्ती! ग्रामसभेला १५ टक्के किंवा १०० मतदार, जे कमी असेल तेवढे हवेत. नसले तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. म्हणजे पहिल्या सभेला कोणी येऊ नये यासाठी धडपडणारा माणूस गावात असणारच. एवढ्या एका नियमावर पूर्ण भाग उभा राहतो. सरपंच बाईचा नवरा कारभार पाहतो, ही गंमत मात्र ‘पंचायत’नं उचललीय, ती पुन्हा नको.

पाटलाला पोळ्याला आणा. मानाची जोडी त्याची, आधी ती तोरणाखालून जायची ही रीत. पण त्याच्याकडे आता बैलच नाहीत. मान राखायचा तर सालदाराची, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याची, जोडी मागावी लागते. आदल्या दिवशी खांदेमळणीला बैलांच्या खांद्याला हळद-लोणी लावून "आज आवतण घ्या, उद्या जेवायले या" म्हणतात, ते आमंत्रण पाटलानं द्यायचं की सालदारानं? पुरणपोळी कोणाच्या घरची? बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, कोणी कोणाला द्यायचा? आणि तोरणाखाली झडत्या, म्हणजे टोमण्यांची गाणी, सुरू झाल्या की गावाला वर्षातून एकदा कोणालाही काहीही सुनवायची मुभा असते, तीही "हर बोला हर हर महादेव"च्या गजरात. झडती तुम्ही स्वतः रचा, जुनी उचलू नका. ड्रोनवाला पोट्टा इथे कामाला येतो, कारण वरून दिसतं की मानाच्या जोडीच्या पुढे कोणाचा तरी गोऱ्हा आधीच तोरणाखालून निसटलाय.

शेवटी व्यवहाराचं, कारण त्यावाचून यातलं काहीच पडद्यावर येत नाही. ‘पंचायत’मधलं फुलेरा कथेत उत्तर प्रदेशच्या बलिया जिल्ह्यात आहे, पण चित्रीकरण मध्य प्रदेशात सिहोरजवळच्या महोडिया गावात झालं. जुन्या ‘मालगुडी डेज’साठी शंकर नाग यांनी कर्नाटकातलं आगुंबे निवडलं. एकच गाव धरा, आणि लिहितानाच पाच-सहा ठिकाणांवर या: पंचायतीचं ऑफिस, फाटा, हनुमानाच्या देवळाचा पार, दोन घरं, एक वावर. नवं ठिकाण म्हणजे नवा खर्च.

पीक मात्र तुमच्या सोयीनं वाढत नाही. वेचणी हवी असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरात शूटिंग लागेल. पोळा श्रावणी अमावास्येला, तेव्हा कपाशी हिरवी असते, बोंड फुटलेलं नसतं. दोन्ही एका मोसमात घेतलं तर युनिट दोनदा गावात न्यावं लागेल, आणि नव्या लेखकाला कोणी दोन वेळापत्रकं देत नाही. मी पहिल्या आठ भागांत दिवाळी ते मंडई एवढाच काळ घेईन: वेचणी, जिनिंगचा भाव, २६ जानेवारीची ग्रामसभा, एसटीची फेरी, आणि मंडईच्या नाटकात गावातल्या कोणालातरी मिळालेली भूमिका. मंडई खरं म्हणजे पूर्वेकडची. तुमच्याकडे यात्रा असेल तर ती घ्या, किंवा तो भंडाऱ्याचा ग्रामसेवकच हट्टानं वडशाची कंपनी बोलावेल. पोळा दुसऱ्या मोसमासाठी राखून ठेवा.

निर्मात्याकडे तिसऱ्यांदा जाल तेव्हा गावाचं वर्णन सांगू नका आणि पात्रांची यादी वाचू नका. आजोबा आणि एसटीचा भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगा, दहा मिनिटांत, म्हातारी बहिणीच्या दारात उतरते तिथपर्यंत. त्यानं "मग आजोबा उतरतात का?" असं विचारलं, तर बाकीचे सात भाग पुढच्या बैठकीत ऐकवा. नाही विचारलं, तर त्या भागात कोणाचं तरी कारण कच्चं राहिलंय. बहुधा कंडक्टरचं. घरी येऊन आधी तेच तपासा.